बंगल्यातला जुना स्विमिंग पूल बुजवताना

नाशिकच्या गंगापूर रोड, गोवर्धन, त्र्यंबक रोड या पट्ट्यातल्या बऱ्याच बंगल्यांमागे हौसेने बांधलेला पूल असतो आणि काही वर्षांनी तो नकोसा होतो. मुले शिकायला बाहेर जातात, पंप बंद पडतो, पाणी हिरवे होते, पावसाळ्यात डासांची पैदास होते. मग पूल काढायचा ठरला की पहिला सल्ला हमखास मिळतो: "चार डंपर मुरूम टाका, वरून माती ओढा, झाले."

तसे केले तर पहिल्याच पावसाळ्यात बिघडते. पूल म्हणजे मुळात पाणी बाहेर जाऊ नये म्हणून बांधलेला वॉटरप्रूफ हौद. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. ३० बाय १५ फुटांच्या पुलाच्या माथ्यावर थेट पडणारे पाणीच जवळपास २९ हजार लिटर होते, आजूबाजूच्या उतारावरून येणारे वेगळे. हौद तसाच ठेवून वर माती टाकली की हे पाणी आत साठते. श्रावणापर्यंत अंगणात चिखलाची दलदल होते आणि दिवाळीपर्यंत जमीन खचून ताटासारखा खोलगट भाग तयार होतो. त्यामुळे भरावाचा विचार नंतर. आधी तळाशी पाण्याला वाट करून द्यायची.

कधी सुरू करावे

दिवाळी झाली की. पाऊस ओसरलेला असतो, भूजल खाली जाऊ लागते. जुलै-ऑगस्टमध्ये पूल रिकामा करू नका. बाहेरच्या ओल्या जमिनीतले पाणी रिकाम्या हौदाला खालून ढकलते आणि हौद उचलला जातो किंवा तळाला तडे जातात. काळ्या मातीच्या सखल प्लॉटवर हा धोका जास्त. मेच्या मध्यापर्यंत भराव पूर्ण झाला तर तो पुढचा पावसाळा अंगावर घेतो आणि हिरवळ लावायला जून-जुलैचा नेमका मोका मिळतो.

कागदोपत्री कामही याच वेळी उरकावे. पूल मंजूर नकाशात दाखवला असेल तर परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टला विचारून महापालिकेच्या नगररचना विभागाकडे काय कळवायचे ते ठरवा. प्लॉट गोदावरी किंवा तिच्या उपनद्यांच्या पूररेषेत असेल तर आधी परवानगी घ्या, तोवर जमिनीची पातळी एक इंचही वाढवू नका. जेसीबीच्या वाटेत झाड येत असेल तर ते परस्पर तोडता येत नाही, १९७५ चा वृक्ष कायदा खासगी आवारालाही लागू आहे.

पूर्ण काढायचा की अर्धा?

जागेवर पुढे खोली, आउटहाऊस किंवा गाडीचे पक्के शेड उभे करायचे असेल तर पूर्ण काढा. यात दुसरा पर्याय नाही. फायबरचा तयार पूल असेल तरीही अख्खा उचलून न्यावा, तो जमिनीत पुरू नये.

नुसती बाग किंवा हिरवळ हवी असेल तर अर्धा काढणे पुरते. भिंतींचा वरचा अडीच फूट भाग तोडायचा, तळाला भोके पाडायची आणि उरलेला सांगाडा जमिनीत राहू द्यायचा. आमचे मत विचाराल तर घरगुती बागेसाठी हाच मार्ग शहाणपणाचा. ३० बाय १५ च्या पुलाचे आठ इंची काँक्रीट पूर्ण काढले तर मोडल्यावर आठ-नऊ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) राडारोडा निघतो. तो उचलायचा खर्च आणि तेवढाच जास्तीचा भराव, असा दुहेरी भुर्दंड पडतो.

पाणी, वीज, पाइप

ब्लिचिंग किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकणे आठवडाभर आधी थांबवा. उन्हात क्लोरीन उडून जातो. टेस्ट किटवर शून्य दिसल्यावरच पाणी झाडांना द्या आणि तेही आवारात पसरून. ३० बाय १५ चा पूल सरासरी साडेचार फूट खोल धरला तर आत सुमारे ५७ हजार लिटर पाणी असते. ते सेप्टिक टँकमध्ये सोडले तर टँक भरून उलटा येईल. मिठाच्या क्लोरिनेटरचा पूल असेल तर ते पाणी कुठल्याच पिकाला देऊ नका, द्राक्षबागेला तर नाहीच. लिटरमागे तीन-चार ग्रॅम मीठ असलेले पाणी वेलींना सोसत नाही.

पंपरूममध्ये उरलेली रसायने एका डब्यात ओतून "सगळे एकदम टाकून देऊ" असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबवा. ब्लिचिंग पावडर आणि अॅसिड एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. ब्लिचिंग आणि ट्रायक्लोरच्या (दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनच्या) गोळ्या मिसळल्या तर भडका उडू शकतो. ज्याने माल दिला त्याच विक्रेत्याला बंद डबे परत घ्यायला सांगा.

विजेची लाइन पुलाजवळ छाटून मोकळे होऊ नका. इलेक्ट्रिशियनकडून मुख्य बोर्डापासूनच केबल काढून घ्या. पाण्याखालचे दिवे १२ व्होल्टचे असले तरी ट्रान्सफॉर्मरपर्यंत येते ते २३० व्होल्ट.

आता एक गोष्ट, जी जवळपास सगळे विसरतात. स्किमर (वरचा कचरा ओढणारे तोंड), रिटर्न इनलेट (गाळलेले पाणी परत आणणारे), मेन ड्रेन (तळाचा निचरा) आणि बॅकवॉशची (फिल्टर धुतलेले पाणी बाहेर नेणारी) लाइन यांची उघडी तोंडे. ही तशीच राहिली तर भरावातली बारीक माती पावसाच्या पाण्याबरोबर पाइपात ओघळत राहते. वर्षभराने हिरवळीत अचानक घमेल्याएवढे भोक पडते आणि कारण कोणालाच कळत नाही. प्रत्येक तोंडात फूटभर आत सिमेंट-वाळूचा माल ठासा आणि बाहेरून कॅप लावा. जमिनीखालचा बॅलन्सिंग टँक (पुलातून ओसंडलेले पाणी साठवणारी टाकी) किंवा पंपाचा खड्डा असेल तर त्यालाही तळाला भोके पाडून पुलासारखेच थराथराने भरा. पोकळी कुठेही शिल्लक राहता कामा नये.

तोडकाम

जेसीबी आत यायला निदान नऊ-दहा फुटांची वाट लागते. आधी फाटक आणि घराच्या बाजूची गल्ली टेपने मोजा, मशिन दारात आल्यावर नाही. बकेट आणि ब्रेकर यांचे तासाचे दर वेगळे असतात, दोन्ही आधी विचारून घ्या. पूल घराच्या जोत्यापासून सहा फुटांच्या आत असेल तर त्या बाजूला मोठा ब्रेकर लावू नका. हादऱ्याने प्लास्टरला तडे जातात. तिथे हातातल्या इलेक्ट्रिक ब्रेकरवर काम भागवा, वेळ जास्त लागेल.

भिंती माथ्यापासून अडीच फूट खाली तोडा. काँक्रीटचे तुकडे नारळापेक्षा मोठे नकोत. टाइल चिकटलेले मोठे तुकडे आडवे पडले तर ताटलीसारखे पाणी धरून ठेवतात, ते घणाने फोडा. सळया गॅस कटरने कापून भंगारात द्या. भिंतीतून वर आलेले टोक एकही ठेवू नका, उद्या कुदळ मारणाऱ्या माळ्याच्या पायात तेच जायचे.

आता तळ. दर ५० चौरस फुटांना एक याप्रमाणे ४५० चौरस फुटांच्या तळाला नऊ भोके, प्रत्येक दीड-दोन फूट व्यासाचे आणि काँक्रीट आणि त्याखालचे दगडी सोलिंग पार करून खालच्या मूळ जमिनीपर्यंत गेलेले. खोल बाजूला जास्त भोके घ्या, कारण पाणी तिकडेच उतरते. मग परीक्षा घ्या. भोकात पाणी भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. खाली मुरूम असेल तर पाणी जिरलेले असते. नाशिकमध्ये बऱ्याच ठिकाणी मुरमाखाली लगेच काळा कातळ लागतो. पाणी २४ तासांनीही जवळपास तेवढेच असेल तर भोकांचा उपयोग नाही. अशा वेळी उताराच्या बाजूची भिंत तळापर्यंत एक-दोन फूट रुंद फोडा, तिथून चार इंची जाळीदार पाइप खडीत बसवून भोवती जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे कापड) गुंडाळा आणि सखल भागातल्या शोषखड्ड्यापर्यंत न्या. या परीक्षेचा एक दिवस वाचवू नका.

बाहेर जाणारा राडारोडा नासर्डी नदीच्या काठावर किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकणे बांधकाम कचऱ्याच्या नियमांत बसत नाही. राडारोड्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर असते. ठेकेदाराशी बोलतानाच कुठे टाकणार ते लिहून घ्या.

भराव: इथे घाई नको

मालाचा हिशेब ब्रासमध्ये करा. आपल्या उदाहरणातल्या पुलात आधीच २० ब्रासची पोकळी आहे, भिंतींचा तोडलेला भाग धरून २२. त्यातला अडीच ब्रास तोडलेला राडारोडाच तळाला बसतो. वरची सव्वा फूट जागा मातीला ठेवायची, ती साडेसहा ब्रास. उरले तेरा ब्रास मुरूम, पण दाबलेला. मुरूम ट्रॉलीत सैल येतो, म्हणून पंचवीस टक्के वाढवून सोळा-सतरा ब्रास मागवा. मातीही अशीच थोडी वाढवून साडेसात. ट्रॉली किंवा डंपरचे माप "तीन ब्रासची आहे" या शब्दावर घेऊ नका, टेप लावा. मुरूम हे गौण खनिज आहे, गाडीबरोबर वाहतुकीचा पास असायला हवा. तो नसेल तर गाडी अडकते आणि तुमचे काम अर्ध्यात थांबते.

तळाला राडारोडा समपातळीत पसरा, खोल बाजूला जाड थर येईल. त्यावर नॉनवोव्हन जिओटेक्स्टाइल अंथरा, २०० जीएसएमचे (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे) चालेल. त्यामुळे मुरमाची भुकटी राडारोड्याच्या फटीत उतरत नाही आणि पुढे वरची जमीन खचत नाही.

मग मुरूम. एका वेळी नऊ इंच, त्याहून जास्त नाही. प्रत्येक थर दाबून साधारण सात इंच होतो. उथळ बाजूला चार, खोल बाजूला सहा थर बसतात. ओलावा किती हवा हे मुठीने कळते. मुरूम मुठीत घट्ट दाबा, गोळा व्हायला हवा. गुडघ्याच्या उंचीवरून जमिनीवर सोडल्यावर दोन-तीन तुकडे झाले तर ओल बरोबर. भुसभुशीत झाला तर कोरडा, चपटा चिकटला तर जास्त ओला. दाबायला रॅमर (ठोके देऊन दाबणारे यंत्र) घ्या. मधल्या मोकळ्या जागेला प्लेट कॉम्पॅक्टर चालतो, भिंतींलगतच्या कोपऱ्यांना मात्र हाताचा धुम्मसच लागतो. भराव खचतो तो बहुतेक याच कोपऱ्यांत.

"सगळा मुरूम एकदम टाका, वरून टँकर सोडा, पाणी आपोआप बसवते" असे सांगणारे भेटतील. पाण्याने वरचा फूट-दीड फूट बसतो, खालचा सैलच राहतो आणि पुढची दोन-तीन वर्षे हळूहळू खचत जातो. तसेच खणताना निघालेली काळी माती भरावात ढकलू नका. ती भिजली की फुगते, सुकली की भेगा पडतात. वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा शेतात सगळ्यांनी पाहिलेल्या असतात, अंगणात त्या नको.

वरची माती आणि हिरवळ

सव्वा फुटांच्या थरासाठी दोन भाग चाळलेली लाल माती किंवा पोयटा आणि एक भाग कुजलेले शेणखत. शेणखत पूर्ण कुजलेलेच हवे. कच्च्या शेणातून हुमणी येते आणि तिच्या अळ्या हिरवळीची मुळे खालून कुरतडतात. धरणाचा गाळ स्वस्तात मिळतो आणि कसदारही असतो, पण त्यातून लव्हाळ्याच्या गाठी येतात. एकदा आलेला लव्हाळा वर्षानुवर्षे निघत नाही. घ्यायचाच असेल तर महिनाभर आधी आणून ओलावून ठेवा, उगवलेला लव्हाळा गाठीसकट उपटा, मगच वापरा.

मातीचा माथा मध्ये तीन-चार इंच उंच ठेवा आणि घरापासून लांब, दर फुटाला पाव इंच उतार द्या. थोडे खाली बसेल हे गृहीत धरूनच हा उंचवटा असतो.

हरळी किंवा मेक्सिकन लॉन दोन्ही नाशिकमध्ये चांगले धरतात. लागवड जुलैत करा, थंडीत वाढ मंदावते. काँक्रीटच्या चुन्यामुळे काही जागी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता असते, हिराकसाची (फेरस सल्फेटची) हलकी फवारणी दिली की सुधारते. जुन्या भिंतींच्या रेषेवर आंबा, वड, चिंच असले काही लावू नका. मोगरा, जास्वंद, सदाफुली, कढीपत्ता यांना एवढी खोली पुरते.

पहिला पावसाळा संपेपर्यंत त्या जागेवर पेव्हर, गझीबो किंवा झोपाळ्याचे पक्के पाय बसवू नका. दसऱ्याच्या आसपास दोरी ताणून पातळी तपासा. इंच-दोन इंच खचले असेल तर तेवढीच माती पसरा. त्याहून जास्त आणि एकाच ठिकाणी खचले असेल तर वरून भरत बसू नका, तिथे खणून बघा, बहुधा एखादे पाइपचे तोंड उघडे राहिलेले सापडेल.

काम चालू असताना प्रत्येक टप्प्याचे टेप लावून फोटो काढा. उरलेल्या भिंतींची कंपाउंडपासूनची अंतरे दाखवणारा साधा नकाशा बंगल्याच्या कागदपत्रांत ठेवा. पुढे कोणी तिथे बोअर घ्यायला किंवा खोली बांधायला निघाले तर अडीच फुटांखाली काँक्रीट आहे हे त्याला खणण्याआधी कळलेले बरे.