ओळखीचा शब्दच फसवतो: जुनं इंग्रजी वाचताना या चुका टाळा

घरातला पासपोर्ट उघडून पाहा. सुरुवातीच्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने केलेली विनंती इंग्रजीत छापलेली असते: या व्यक्तीला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावं. माझ्या भाचीचा पहिला पासपोर्ट आला तेव्हा ती त्या ओळीवर अडली. "मामा, 'लेट' म्हणजे करू देणं ना? मग 'करू न देता जाऊ द्या' हे कसलं वाक्य?"

तिची शंका रास्त होती. एल, ई, टी या तीन अक्षरांत इंग्रजीचे दोन निरनिराळे शब्द दडलेत. एक परवानगी देण्याचा, दुसरा अडवण्याचा. हजार वर्षांपूर्वी दोघांची रूपं वेगळी होती, बोलता बोलता ती झिजून सारखी झाली. अडवणारा शब्द रोजच्या बोलण्यातून गेला, पण पासपोर्टवर राहिला आणि टेनिसच्या कोर्टवरही राहिला. सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून पलीकडे पडला की 'लेट' पुकारतात, तो हाच. मध्ये अडथळा आला, सर्व्हिस पुन्हा करा.

मी बरीच वर्षं जुनी इंग्रजी पुस्तकं आणि कागदपत्रं मराठीत आणण्याचं काम करतो आहे. या कामात अनोळखी शब्दाने मला क्वचितच फसवलं. 'सेनाइट' दिसला की माणूस निमूट कोश उघडतो आणि कळतं की सात रात्री, म्हणजे आठवडा. 'फोर्टनाइट' तसाच, चौदा रात्रींचा. दगा देतो तो ओळखीचा शब्द, कारण तो कोशात बघायचं आपल्या मनातही येत नाही.

ओळखीचा म्हणून कोश न उघडणं

'कॉर्न' घ्या. इंग्लंडमध्ये 1815 ते 1846 या काळात जे 'कॉर्न लॉज' होते, त्यांचं भाषांतर 'मक्याचे कायदे' असं केलेलं मी पाहिलं आहे. मक्याशी त्यांचा खास संबंध नव्हता. परदेशातून येणाऱ्या धान्यावरचे ते कायदे, आणि भांडण मुख्यतः गव्हाचं होतं. 'कॉर्न' म्हणजे मुळात दाणा. त्या त्या मुलखात जे मुख्य धान्य पिकेल ते तिथलं कॉर्न; अमेरिकेत मका पिकला म्हणून तिथे मका. इंग्रजी बायबलमध्ये येशूचे शिष्य शेतातून जाताना कॉर्नची कणसं खुडून खातात. तिथे मका असूच शकत नाही, कारण 1492 मध्ये कोलंबस अमेरिकेला पोचेपर्यंत तो अटलांटिकच्या अलीकडे आलाच नव्हता. 'कॉर्न्ड बीफ'मध्येही मका नसतो, मिठाचे जाड दाणे असतात.

'मीट'ची गोष्ट शाकाहारी घरांनी तर नक्कीच लक्षात ठेवावी. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये देव माणसाला बी धरणाऱ्या वनस्पती आणि झाडांची फळं देतो आणि म्हणतो, ही तुम्हाला 'मीट' होतील. म्हणजे अन्न होतील. तो जुना अर्थ आपल्याकडच्या मिठाईच्या दुकानांवर अजून टिकून आहे: 'स्वीटमीट' म्हणजे गोड खाणं, पेढे-बर्फी. याच्या अगदी उलट 'स्वीटब्रेड'. परदेशात मेनूकार्डावर हा शब्द दिसला आणि गोड पाव समजून मागवला, तर ताटात वासराची किंवा कोकराची ग्रंथी येते.

'डिअर' म्हणजे हरीण, हे पहिलीतलं पोरही सांगेल. पण जुन्या इंग्रजीत तो कुठल्याही जनावराला चालायचा. जर्मनमध्ये त्याचा सख्खा भाऊ 'टिअर' आजही प्राणी याच अर्थाने आहे, आणि शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकात उंदीर-घुशींना 'स्मॉल डिअर' म्हटलं आहे. मराठी वाचकाला याचं नवल वाटायला नको. आपला 'मृग' हुबेहूब याच वाटेने आला आहे. संस्कृतात तो आधी कुठलाही वन्य पशू होता, म्हणून तर सिंह मृगराज, माकड शाखामृग आणि शिकार म्हणजे मृगया. पुढे अर्थ आकसत आकसत हरणापाशी थांबला. दोन भाषांनी हजारो मैलांवर एकाच अर्थाच्या शब्दाचं असंच करावं, हे मला प्रत्येक वेळी थक्क करतं.

'क्विक' म्हणजे जिवंत. 'द क्विक अँड द डेड' याचं भाषांतर 'चपळ आणि मृत' होत नाही. नखाखालच्या दुखऱ्या, जिवंत मांसालाही 'क्विक' म्हणतात, आणि पारा हातावर पळतो म्हणून 'क्विकसिल्व्हर', जिवंत चांदी. बायबलच्या तेविसाव्या स्तोत्रातलं 'आय शॅल नॉट वाँट' म्हणजे 'मला नको' नव्हे, 'मला काही उणं पडणार नाही'. येशूच्या 'सफर लिट्ल चिल्ड्रन' यात मुलांनी काही सोसायचं नाही. त्यांना येऊ द्या, एवढंच. 'सिली' एके काळी धन्य होता आणि 'नाइस' अडाणी. या शेवटच्या दोघांनी तर जागाच बदलल्या म्हणायच्या.

'दाऊ' हा मानाचा शब्द समजणं

ही चूक शाळेपासून अंगात मुरलेली असते. 'दाऊ', 'दी', 'दाय' प्रार्थनेत आणि कवितेत भेटतात, त्यामुळे वाटतं की हे 'आपण'सारखं भारदस्त काहीतरी आहे. खरं तर 'दाऊ' म्हणजे 'तू' आणि 'यू' म्हणजे 'तुम्ही'. देवाला 'दाऊ' म्हटलं ते जवळीक म्हणून, जसं आपण विठोबाला 'तू' म्हणतो.

परक्या माणसाला 'दाऊ' म्हणणं म्हणजे सरळ अरे-तुरे करणं. 1603 मध्ये वॉल्टर रॅली याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी बाजू मांडणारा एडवर्ड कोक भर कोर्टात त्याच्यावर ओरडला, 'आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!' इथे 'दाऊ' चक्क क्रियापद झालं आहे: तुला मी अरे-तुरेच करणार, गद्दारा. मराठीत हे वाक्य विनासायास उतरतं. आजच्या इंग्रजीत मात्र ते नीट सांगायलाही जागा नाही, कारण त्यांच्याकडे आता एकच 'यू' उरला आहे.

म्हणून शेक्सपिअर वाचताना कोण कोणाला 'दाऊ' म्हणतं आणि कुठे अचानक 'यू'वर येतं, तिकडे डोळा ठेवा. 'हॅम्लेट'मध्ये आई मुलाला म्हणते, तू तुझ्या बापाला फार दुखावलंस. तिथे 'दाऊ' आहे. मुलगा तेच वाक्य तिच्यावर उलटवतो, पण 'मदर, यू' म्हणून. त्या 'यू'मध्ये आदब आहे आणि गारठाही आहे. मराठीत हे आणताना कस लागतो. आपल्याकडे मुलगा आईला 'तू'च म्हणतो, त्यामुळे त्याच्या तोंडी 'तुम्ही' घातलं की काही घरांत ते नुसती रीत वाटेल आणि काही घरांत थप्पड. यांत्रिकपणे 'यू'ला 'तुम्ही' लावणं इथे चालत नाही, आधीचं सगळं संभाषण पुन्हा कानांनी ऐकावं लागतं.

व्याकरणाचंही सांगतो, कारण जुना बाज आणायला निघालेले लोक इथे हमखास घसरतात. 'दाऊ' कर्ता, 'दी' कर्म, 'दाय' म्हणजे तुझा, आणि स्वरापुढे 'दाइन'. क्रियापदाला 'एस्ट' लागतो तो 'दाऊ'सोबत, 'एथ' लागतो तो 'ही' किंवा 'शी'सोबत. 'दाऊ गोएस्ट', 'ही गोएथ'. 'आय गोएथ' असं कुणी कधी बोललं नाही.

शेक्सपिअरची दुसरी फसवी ओळ ज्युलिएटची आहे. सज्जात उभी राहून ती म्हणते, 'व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ?' आणि आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनात ज्युलिएट झालेली मुलगी कपाळावर हात धरून रोमिओला शोधू लागते. 'व्हेअरफोर' म्हणजे 'कुठे' नव्हे, 'का'. 'देअरफोर'चा तो जोडीदार: प्रश्न व्हेअरफोर, उत्तर देअरफोर. तू रोमिओच का असावास, शत्रूच्याच घराण्याचं नाव तुला का मिळावं, हा तिचा आकांत आहे. पुढच्याच ओळीत ती त्याला ते नाव टाकून द्यायला सांगते. 'कुठे आहेस' असा अर्थ घेतला तर त्या ओळीला काही संदर्भच राहत नाही.

अक्षर वेगळं आहे हे न ओळखणं

जुन्या पद्धतीच्या पाट्यांवर 'ये ओल्ड' लिहिलेलं असतं. ते 'ये' वाचू नका, 'द' वाचा. इंग्रजीत 'थ'-'द'साठी थॉर्न नावाचं एक अक्षर होतं आणि हाताने लिहिताना ते पुढे पुढे वायसारखं दिसायला लागलं. छपाईचे खिळे युरोपातून आले, त्यांत थॉर्न नव्हतं, म्हणून मुद्रकांनी त्या जागी वाय बसवला.

1800 च्या आधीची स्कॅन केलेली पुस्तकं फोनवर वाचणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. त्या काळी शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांब एस छापत, आणि तो एफसारखा दिसतो. कॉम्प्युटरही फसतो, त्यामुळे जहाजाचं 'सेल' तिथे 'फेल' होतं आणि 'सेम'चं 'फेम'. अशा मजकुरात शब्द शोधून 'हा शब्द 1720 मध्येही होता' असं ठोकून देऊ नका. पानाचं मूळ चित्र मोठं करून बघा. एफची आडवी रेघ दोन्ही बाजूंना जाते, लांब एसला डावीकडेच छोटासा खिळा असतो किंवा तोही नसतो. शब्दाच्या शेवटी मात्र नेहमीचा वळणदार एस येतो.

गोड व्युत्पत्तीवर विश्वास ठेवणं

व्हॉट्सअ‍ॅपवर दर महिन्याला फिरणारं एक ज्ञान: 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. चूक. 'न्यू' म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन 'न्यूज', नव्या गोष्टी. 'फॅमिली' म्हणजे 'फादर अँड मदर आय लव्ह यू' हेही तसंच. लॅटिन 'फामिलिया'च्या मुळाशी 'फामुलुस' आहे, म्हणजे नोकर किंवा गुलाम. घरातला सगळा परिवार, चाकरांसकट, त्यात धरत. 'पॉश'ची कथा तर मुंबईच्या बंदरापर्यंत येते. भारतात येताना जहाजाच्या डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची, सावलीतली केबिन श्रीमंत घेत, आणि त्यांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (जाताना डावी, परतताना उजवी) यांची चार आद्याक्षरं मारलेली असत, असं सांगतात. असा शिक्का असलेलं तिकीट कुणालाही सापडलेलं नाही, आणि चांगले कोश या शब्दापुढे 'मूळ अनिश्चित' असं लिहितात. जो कोश असं लिहायला कचरत नाही त्याच्यावर मी जास्त विसंबतो. साधी खूण ध्यानात ठेवा: आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची खोड मुख्यतः विसाव्या शतकातली. त्याहून जुन्या शब्दाची अशी फोड कुणी सांगितली की आधी शंका घ्या.

कोशही चुकतो, पण तो चूक दुरुस्त करतो. 1934 च्या वेबस्टर कोशात 'डॉर्ड' असा शब्द छापला गेला, अर्थ घनता. मुळात ती एक चिठ्ठी होती: घनतेसाठी 'डी ऑर डी', म्हणजे मोठा किंवा छोटा डी वापरावा. मधली जागा मिटली आणि शब्द जन्माला आला. 1939 मध्ये संपादकाच्या ते लक्षात आलं.

आपल्या भाषेच्या प्रेमापोटी होणारी चूक मला अधिक टोचते, कारण ते प्रेम माझंही आहे. 'सेंट' हा 'संत'वरून आला म्हणतात. नाही. 'सेंट' लॅटिन 'सांक्तुस'पासून, आपला 'संत' 'सत्'पासून; दोघांची भेट निव्वळ योगायोग. 'बॅड' आणि बदनाम-बदफैलीतला फारसी 'बद' यांचंही तेच. 'नेव्हिगेशन'चं मूळ 'नवगति' नाही, पण लॅटिन 'नाविस' आणि आपली 'नौ' या मात्र सख्ख्या बहिणी आहेत. बहिणी, मायलेकी नव्हे. 1786 मध्ये कोलकात्यात विल्यम जोन्सने हेच मांडलं होतं: संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ एकच, आणि ते कदाचित आता उरलेलं नाही.

मराठीने इंग्रजीला खरोखर दिलेला शब्द हवा असेल तर तो आहे, आणि कुठल्याही चांगल्या कोशात मिळतो: मुंगूस. इंग्रजीत तो 'मंगूस' झाला. त्यातला 'गूस' पाहून त्याला हंस समजू नका. अनेकवचन 'मंगीस' नव्हे, 'मंगूसेस' होतं.