पायपिंग बॅगचं टोक कापण्याआधी

केकवर क्रीमची नक्षी काढायला शिकताय? मग ४८ नोझलचा (क्रीम ज्यातून बाहेर येतं त्या टोकांचा) संच घेऊ नका. मी घेतला, त्यातली बरीचशी अजून डब्यात तशीच पडून आहेत. सुरुवातीला चार पुरतात, नंबरांनुसार: गुलाबांना आणि बॉर्डरला मोठं १एम, पानांना ३५२, पाकळ्यांना १०४, नाव लिहायला ३ नंबर. डिस्पोजेबल बॅगा, एक कपलर (नोझल बॅगेला जोडणारा तुकडा), टर्नटेबल (केक ठेवायचं फिरतं स्टँड), पॅलेट नाइफ (क्रीम पसरायची बोथट सुरी). झालं सामान.

आता कपलर, कारण मी तिथेच फसले. त्याचा मोठा भाग बॅगेच्या आतून टोकाशी बसतो, नोझल बाहेरून लावायचं आणि रिंग फिरवून आवळायची. क्रीम न काढता नोझल बदलता येतं ते यामुळे. पण साधा कपलर फक्त लहान नोझलचा. १एम त्या रिंगेत मावतच नाही, ते सरळ बॅगेत आतून सोडायचं असतं. इथे बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका काकूंच्या पंचाहत्तरीचा एगलेस पायनॅपल केक होता. रिंग बसेना म्हणून मी बॅग आणखी कापत गेले, शेवटी कपलर काढून तिथेच १एम टाकलं. चौथ्या गुलाबाला दाबल्याबरोबर नोझल क्रीमसकट केकवर पडलं. काकू तासाभरात येणार होत्या. अजूनही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

म्हणून नोझल आधी आत सोडा, टोकापर्यंत सरकवा, बाहेरून खूण करा, नोझल मागे ओढा आणि मगच कापा. खुणेच्या थोडं अलीकडे, म्हणजे टोकाच्या बाजूला. नोझलचा तिसरा हिस्सा बाहेर दिसला की पुरे. कमी कापलेलं वाढवता येतं, जास्त कापलं तर बॅग गेली.

बॅग उंच ग्लासात उभी करून कडा बाहेर दुमडा आणि अर्धीच भरा. बडोद्याच्या मे महिन्यात तळहाताच्या उबेनेही क्रीम सैल पडतं, मोठ्या बॅगेत तर हमखास. सैल झालं तर घाबरू नका, दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

क्लासबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिल्याच दिवशी सगळं सामान आमच्याकडूनच घ्या म्हणतात, तिथे जाऊ नका. मला खरं शिकवलं ते शेजारच्या वहिनींनी, उपड्या स्टीलच्या ताटावर. ओळीने शंभर चांदण्या काढायच्या, क्रीम खरवडून परत बॅगेत भरायचं, पुन्हा काढायच्या. बॅगेचं वरचं पिळलेलं तोंड उजव्या मुठीत, दाब तिथूनच. डावा हात नुसता दिशेला. आठवडाभरात चांदण्या सारख्या यायला लागतात.