‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो तेव्हा

संपादकीय पानासाठी आलेला लेख जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणला की पहिला मार बसतो तो आडव्या र-ला. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, ‘शेतकऱ्यां’चं ‘शेतकर्यां’. कारण असं: फॉन्ट बदलणारा कन्व्हर्टर हा र ‘र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि अदृश्य जोडचिन्ह’ असा लिहितो. वर्डमध्ये तो बरोबर दिसतो, पण पानावर मजकूर चिकटवताना जोडचिन्ह गळतं आणि रफार डोक्यावर चढतो.

इलाज चिकटवण्याआधीच करायचा. वर्डच्या फाइंड-रिप्लेसमध्ये ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ शोधून त्याजागी नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ‘ऱ’ आणि हलन्त टाकायचा. जोडचिन्हाचा युनिकोडमधला दशमान क्रमांक ८२०५, ‘ऱ’चा २३५३. काही की-बोर्डवर ‘ऱ’ सापडत नाही. एखाद्या स्वच्छ ‘दुसऱ्या’तून उचलावा.

जोडचिन्ह आधीच गळालं असेल तर मात्र ‘रिप्लेस ऑल’ला हात लावू नये. ‘कार्य’, ‘पर्याय’, ‘सूर्य’ सगळे बिघडतात. ‘र्य’ आणि ‘र्ह’ (वऱ्हाड, कऱ्हाड, कुऱ्हाड) शोधून एकेक ठिकाण डोळ्यांनी बघायचं. स्पेलचेकवर विसंबायचं नाही, कारण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ दोन्ही खरे शब्द. विनोबांवरच्या लेखात ‘आचार्यांनी’चं ‘आचाऱ्यांनी’ झालं, तर भूदान स्वयंपाकघरात जाऊन पोचतं.

मथळा आणि चौकटीतला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये येतो. तिथेही हेच.