नोकरी सांभाळून एका कामात प्रावीण्य कसे मिळवावे

स्वतःला घडवायचे ठरवणारी माणसे बहुधा एकाच वेळी पाच गोष्टी हाती घेतात: पहाटे उठणे, इंग्रजी सुधारणे, वजन उतरवणे, वाचन वाढवणे आणि बढती मिळवणे. यातले फारसे काही महिनाभरापलीकडे टिकत नाही, आणि मग दोष जिद्दीच्या अभावाला दिला जातो. माझ्या मते जिद्द पुरेशी असते. ती कशासाठी खर्च करायची हेच ठरलेले नसते. म्हणून पुढच्या सहा महिन्यांसाठी एकच कौशल्य निवडावे, आणि ते असे असावे की त्यातली प्रगती दुसऱ्या माणसालाही मोजता यावी. ‘चांगला कारागीर व्हायचे’ हे मोजता येत नाही. नाशिकमधील सातपूरच्या एखाद्या कारखान्यात सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या सूचनांनुसार धातू कातणाऱ्या यंत्रावर, ऑपरेटर असलेल्या तरुणाने ‘नवा जॉब (घडवायचा भाग) आला की ड्रॉइंग वाचून, टूल लावून, ऑफसेट (टूलच्या जागेची आकड्यातली दुरुस्ती) देऊन पहिलाच नग मापात काढायचा, म्हणजेच सेटरचे काम शिकायचे’ असे ठरवले, तर ते मोजता येते. पुढचे विवेचन याच तरुणाच्या उदाहरणाने केले आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत अशी इच्छा असणारे पुष्कळ आहेत, आणि धावणारा, गाणारा किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा यांनाही हीच रीत थोड्या फरकाने वापरता येते.

निवड झाली की लगेच सरावाला लागू नये. आधी दोन आठवडे नुसती नोंद ठेवावी. नव्या जॉबच्या सेटिंगला किती वेळ लागला, पहिला नग मापात आला का, न आल्यास कोणते माप चुकले आणि आपल्या समजुतीप्रमाणे ते का चुकले, एवढे चार रकाने पुरतात. मोबाइलपेक्षा खिशात मावणारी साधी वही बरी, कारण मोबाइल उघडला की माणूस नोंद करायला आला होता हेच विसरतो. दोन आठवड्यांनी ती वही वाचली तर बहुधा असे दिसते की चुका विखुरलेल्या नसून दोन-तीन प्रकारच्याच पुन्हा पुन्हा होत आहेत. बाहेरचा व्यास मोठा आला तर ऑफसेट मायनस द्यावा लागतो आणि बोअर, म्हणजे आतले भोक, लहान आला तर प्लस. घाईत या चिन्हांची अदलाबदल होते. कधी मायक्रोमीटरची शून्य तपासणी राहून जाते, तर कधी ड्रॉइंगमधली मर्यादा उलटी वाचली जाते.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनमधील व्हायोलिनवादकांच्या सरावाचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि पुढे त्यातला ‘दहा हजार तास’ हा आकडा तेवढा जगभर गाजला. तो आकडा म्हणजे सर्वोत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या एकट्याच्या सरावाची सरासरी होती. तेवढे तास भरले की प्रावीण्य आपोआप येते, असे त्या अभ्यासाने कुठेही म्हटलेले नाही. त्याचा खरा भर सरावाच्या प्रकारावर होता: नेमका उणा भाग वेगळा काढायचा, तो आपल्या आवाक्याच्या किंचित बाहेरच्या पातळीवर करायचा, आणि चूक झाली की ती लगेच कळेल अशी सोय करायची. दहा वर्षे तेच यंत्र चालवणे म्हणजे दहा वर्षांचा सराव नव्हे. उत्पादन काढताना आपण जमणाऱ्या गोष्टीच करत असतो, आणि ते योग्यच आहे, कारण तिथे रिजेक्शन परवडत नाही. पण म्हणूनच सराव कामापासून वेगळा ठेवावा लागतो.

आपल्या तरुणाने अर्ध्या तासात दहा जुनी ड्रॉइंग घेऊन प्रत्येक मापाची वरची आणि खालची मर्यादा कागदावर लिहावी, आणि मग ती जाणकाराकडून तपासून घ्यावी. प्रोग्राम शिकताना तो पुनःपुन्हा वाचत बसण्याऐवजी झाकून ठेवून आठवणीने लिहावा आणि नंतर ताडून पाहावा. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले की पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने घेतली तर स्वतःची चाचणी घेणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहते. वाचताना ‘येते’ असे वाटणे फार फसवे असते.

चुकीच्या मुळाशी जाण्यासाठी कारखान्यातलीच एक पद्धत उसनी घ्यावी. टोयोटाने रुजवलेल्या या पद्धतीत एकाच दोषाबद्दल पाच वेळा ‘का’ विचारतात, आणि कायझेनच्या (सततच्या छोट्या सुधारणांच्या) फलकापाशी उभे राहून अनेकांनी ती ऐकलेली असते. स्वतःला मात्र फार थोडे लावून पाहतात. बोअर लहानच राहिला. का? ऑफसेट उलट्या चिन्हाने दिला. का? बाहेरच्या व्यासाची सवय हाताला होती. का? आकडा भरण्यापूर्वी कोणते माप दुरुस्त करतो आहोत हे पाहिले नाही. का? पाहण्याची ठरलेली पायरीच नव्हती. इथे उपाय सापडतो: बटण दाबण्यापूर्वी ‘बोअर, लहान, प्लस’ असे मोठ्याने म्हणायचे. ‘यापुढे लक्ष देईन’ हा उपाय नव्हे. तो पुढच्या घाईपर्यंतच टिकतो.

वेळेबाबत ‘रोज पहाटे पाचला’ हा उपदेश पाळ्यांत काम करणाऱ्याला लागू पडत नाही, कारण त्याची पहाट दर आठवड्याला बदलते. त्याने सराव घड्याळाऐवजी घटनेला बांधावा: पाळी सुटून डबा धुऊन झाला की अर्धा तास ड्रॉइंग. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा ‘अमुक झाले की तमुक करीन’ स्वरूपाच्या निश्चयाचा दीर्घकाळ अभ्यास केला असून, मोघम निश्चयापेक्षा तो अधिक पाळला जातो असे दिसून आले आहे. घरी जागा नसेल तर १८४० पासून चालत आलेले आपले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय आहेच. रात्रपाळीनंतर मात्र आधी झोपावे. एकवीस दिवसांत सवय लागते या बोलण्यावरही विसंबू नये; लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि व्यक्तीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत गेला. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही दिसले.

आपल्या नाशिक जिल्ह्यातील खेळाडूंच्या कहाण्या सांगताना जिद्दीचेच गुणगान होते, हे मला अपुरे वाटते. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले, पण त्यामागे नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांची नजर होती. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांनी वल्हे हाती धरले तेच लष्करात भरती झाल्यावर, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते तेराव्या स्थानापर्यंत पोहोचले. उशिरा सुरुवात करूनही हे घडले, पण नाव, पाणी आणि शिकवणारा माणूस मिळाल्यावर घडले. म्हणून आपली चूक दाखवणारा कुणीतरी शोधावाच: विभागातला जुना सेटर, आयटीआयमधील निदेशक किंवा मोकळेपणाने बोलणारा सहकारी. त्याला ‘मी कसा करतो?’ असे विचारले तर ‘छान’ असे उत्तर मिळते; ‘या सेटिंगमध्ये तुम्ही काय वेगळे केले असते?’ असे विचारावे.

संधी मागताना आधी लहानसा पुरावा हाती असावा. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते आणि चित्रपटासाठी पैसा नव्हता; त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून ती चित्रफीत भांडवल देऊ शकणाऱ्यांना दाखवली. आपल्या तरुणानेही बढतीचा अर्ज करण्यापूर्वी तीन महिन्यांची वही आणि पहिल्याच फेरीत मापात आलेले नग सुपरवायझरसमोर ठेवावेत.

मधे असा काळ येतो की नोंदीत काहीच सुधारणा दिसत नाही. द्राक्षबागेत एप्रिलच्या खरड छाटणीनंतर एकही घड विकायला मिळत नाही, तरी त्याच काळात काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यांत (फुटव्याच्या कळ्यांत) सूक्ष्म घडनिर्मिती होते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दिसणारे पीक त्यावर अवलंबून असते. अशा काळात ध्येय बदलण्याची घाई करू नये, पण डोळे मिटून तेच चालूही ठेवू नये. महिन्याच्या शेवटी वही पाहावी. तीच चूक तशीच टिकून असेल तर आधी सरावाची पद्धत बदलावी, तरीही फरक न पडल्यास मार्गदर्शक बदलावा, आणि ध्येयाचा फेरविचार सर्वांत शेवटी करावा. चूक नाहीशी झाली असेल तर तिच्यावर रेघ मारून वहीतली पुढची चूक उचलावी, आणि सहा महिने भरल्यावर सेटरकडून आपण कधीही न केलेला एखादा जॉब मागून घेऊन पहिल्या दोन आठवड्यांतलेच चार रकाने पुन्हा भरावेत.