लाळेचा प्रयोग घरी फसतो तेव्हा: या चुका टाळा

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. कोथरूडला आमच्या गच्चीत रविवारी सकाळी मुलं विज्ञान प्रदर्शनासाठी लाळेचा प्रयोग करत होती. पेजेतल्या स्टार्चला आयोडीन निळं करतं; लाळेने स्टार्च तोडलं, म्हणजे पचवलं, की तो निळा रंग दिसत नाही, असा हा प्रयोग. आम्लात लाळेचं काम थांबतं हे दाखवायचं म्हणून एका मुलीने पेज आणि लाळेच्या मिश्रणात लिंबू पिळलं, आयोडीन टाकलं, आणि निळा रंग क्षणात गायब झाला. ‘पचलं, पचलं!’ असा एकच गलका झाला. क्षणभर मलाही ते पटलं. मग दुसऱ्या वाटीत लाळ न घालता नुसती पेज, लिंबू आणि आयोडीन घेतलं. तिथेही रंग गेला.

म्हणजे पचन झालंच नव्हतं. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचं आयोडाइड करून टाकतं आणि आयोडाइड स्टार्चला निळं करत नाही. स्टार्च होतं तिथेच होतं, ते ओळखणारा पदार्थ मात्र संपला होता. म्हणून आम्लासाठी लिंबू, आवळा, संत्रं घेऊ नका, साधं व्हिनेगर घ्या. धुण्याच्या सोड्याचंही तसंच, तोही आयोडीनचा रंग घालवतो. आणि काहीही तपासत असलात तरी शेजारी एक वाटी अशी ठेवा, जिच्यात लाळेच्या जागी तेवढंच पाणी आहे, बाकी सगळं तेच. ही वाटी सगळ्यात कंटाळवाणी वाटते आणि मुलं हमखास तीच गाळतात. तिच्याशिवायचा निकाल मी आता मान्य करत नाही.

आता मूळ प्रयोग. लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम), पुस्तकात ज्याला टायलिन म्हणतात ते, स्टार्चच्या लांबलचक साखळ्या तोडतं. त्यातून मुख्यतः माल्टोज (एक प्रकारची साखर) आणि डेक्स्ट्रिनचे, म्हणजे अर्धवट तुटलेल्या साखळ्यांचे, लहान तुकडे होतात. ग्लुकोज नव्हे. तक्त्यावर ‘लाळेमुळे स्टार्चचं ग्लुकोज होतं’ असं लिहिलेलं दरवर्षी दिसतं. माल्टोजचं ग्लुकोज पुढे लहान आतड्यात होतं, तिथली विकरं वेगळी.

सगळ्यात जास्त घोळ तापमानाचा. गॅसवरून उतरवलेली वाफाळती पेज घेतली तर एकाच वेळी दोन गोष्टी बिघडतात. 60-70 अंशांच्या पुढे अमायलेज निकामी होतं, आणि गरम द्रावणात स्टार्च-आयोडीनचा निळा रंग तसाही टिकत नाही. रंग दिसत नाही म्हणून मुलं ‘पचलं’ लिहून मोकळी होतात. तीच वाटी गार झाली की रंग परत येतो. उलट बाजूला पुण्याची थंडी आहे. डिसेंबरात सकाळी पारा 10-12 अंशांवर असतो आणि अमायलेजला हवे असतात साधारण 37, म्हणजे आपल्या अंगाइतके. गच्चीत ठेवलेल्या वाटीत काम अगदी रेंगाळत चालतं. मोठ्या भांड्यात कोमट पाणी घेऊन त्यात वाट्या ठेवा. मनगटाला सोसवेल, ऊब जाणवेल, इतपतच कोमट. पाणी निवलं की बदला.

पेज पातळच हवी. एक कप पाण्यात पाव चमचा कॉर्नफ्लोअर कालवून ते उकळवा, मग पूर्ण गार करा. उकळणं टाळू नका. कच्च्या स्टार्चचे कण घट्ट असतात, लाळेला त्यांत सहज शिरता येत नाही. पाण्यात शिजून ते फुगतात तेव्हा कुठे विकराला साखळ्या सापडतात. कच्चे तांदूळ चघळून पाहिलेत तर हा फरक तोंडालाच कळतो.

लाळ घेण्याआधी चूळ भरा. एक चमचा लाळ चार-पाच चमचे पाण्यात मिसळा, नाहीतर रंग इतक्या झटकन जातो की मधलं काही दिसतच नाही. प्रत्येकाने आपापली लाळ, आपापला चमचा वापरावा. आयोडीन लागलेलं काही तोंडात घालायचं नाही.

आयोडीन थेट वाटीत ओतण्यापेक्षा पांढऱ्या बशीवर त्याचे थेंब मांडा आणि दर मिनिटाला मिश्रणाचा एक थेंब त्यावर सोडा. औषधाच्या दुकानात मिळणारं टिंक्चर आयोडीन पाण्याने फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करायचं. आधी निळा, मग जांभळा, मग तांबूस, शेवटी आयोडीनचा स्वतःचा पिवळट रंग. तांबूस रंग दिसला की ‘बिघडलं’ म्हणून बशी धुऊ नका! तो डेक्स्ट्रिनचा टप्पा आहे, आणि मला तर सगळ्या प्रयोगात तोच सर्वांत सुंदर वाटतो. अर्धवट तुटलेली साखळी डोळ्यांना दिसते ती तिथेच.

चव घेऊन पाहायची असेल तर पाव नको, त्यात बहुधा आधीच साखर असते. ज्वारीची भाकरी किंवा साधा भात घ्या आणि मिनिटभर न गिळता चावा. गोडी हलकीच येईल, कारण माल्टोज नेहमीच्या साखरेपेक्षा बरंच कमी गोड असतं. पेढ्यासारखी चव अपेक्षिलीत तर निराश व्हाल.

‘पोटातल्या आम्लात लाळेचं काम लगेच थांबतं’ हेही तक्त्यावर नको. घासाच्या आतल्या भागात आम्ल मुरेपर्यंत ते काही वेळ चालू राहतं.

आणि दोन भावंडांच्या वेळा जुळल्या नाहीत म्हणून प्रयोग चुकला असं समजू नका. अमायलेजच्या जनुकाच्या प्रती प्रत्येकाकडे कमी-जास्त असतात, त्यामुळे लाळेतलं त्याचं प्रमाणही बदलतं. ताईचे तीन मिनिटं आणि दादाचे सहा असतील, तर तक्त्यावर दोन्ही आकडे तसेच लिहा.