बोडीतल्या बुडबुड्यांवरून समुद्रतळाचा गॅस समजून घ्या

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या शाळेत समुद्र पाहिलेली पोरं वर्गात दोन-तीनच निघतात. तरी किनाऱ्याजवळच्या समुद्रतळात गॅस कसा साचतो, हे मी दरवर्षी बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवरच (बांधावर) शिकवतो.

मे महिन्यात जा. पाणी उतरलेलं असतं, गाळ तापलेला असतो. प्लास्टिकची बाटली पाण्याखाली काठोकाठ भरा, तोंडात नरसाळं बसवा आणि पाण्याबाहेर न काढता उलटी धरा. दुसऱ्यानं नरसाळ्याखालचा गाळ बांबूनं टोचावा. बुडबुडे भळाभळा वर चढतात आणि बाटलीतलं पाणी खाली सरकतं. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका, गाळ पाय सोडत नाही. गोळा झाला तो बहुतांशी मिथेन, गोबरगॅसमधला तोच. 1776 साली व्होल्टा या शास्त्रज्ञानं इटलीतल्या माज्जोरे तलावावर तो असाच धरला होता. पेटवून मात्र पाहू नका. हवेत 5 ते 15 टक्के मिसळला की भडका होतो.

आता समुद्राची खरी गंमत. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्यांत सारखाच गाळ, चिरलेली तनस (धानाचा पेंढा) आणि बोडीचं पाणी भरा. एकीत साडेतीन ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घाला. कपाशीची पानं लाल पडतात त्या लाल्यावर फवारतात तेच, कृषी केंद्रात मिळतं. समुद्राच्या पाण्यात सल्फेट साधारण एवढंच असतं. दोन्ही तोंडांवर फुगे चढवून सावलीत महिनाभर ठेवा. फुगा दोन्हीकडे थोडा उभा राहील, कारण कुजताना कार्बन डायऑक्साइडही निघतो. म्हणून नजर गाळाच्या रंगावर ठेवा. सल्फेटवाली बाटली काळीकुट्ट होते. उघडाल तर सडक्या अंड्याचा वास येतो. तो वायू विषारी, म्हणून मोकळ्या जागेत उघडा आणि नाक जवळ नेऊ नका.

हा काळा रंग आणि वास सल्फेट खाणाऱ्या जिवाणूंमुळे. ते आधी जेवतात आणि मिथेन बनवणाऱ्यांना उपाशी ठेवतात. समुद्रात म्हणून वरच्या थरात मिथेन जवळजवळ बनत नाही. खाली, जिथं सल्फेट संपतं, तिथून सुरुवात होते. वर येऊ पाहणारा मिथेनही त्या सीमेवर बराचसा खाल्ला जातो. नद्यांनी भरपूर पालापाचोळा आणि माती आणून झपाट्यानं पुरली, तर ही सीमा वर सरकते. कोकण किनाऱ्यासारख्या उथळ भागात असा गॅस सापडतो.

बनलेला गॅस आधी गाळाच्या पाण्यात विरघळून राहतो. दर 10 मीटर खोलीला हवेच्या दाबाएवढा, म्हणजे एक वातावरण, दाब वाढतो, तो त्याला दाबून धरतो. पाणी तृप्त झालं की बुडबुडे धरतात, पण बारीक चिकणमाती त्यांना सोडत नाही. आमची काळी माती ओली झाली की पाणीही खाली जाऊ देत नाही, तसंच. वाळूचा थर चिकणमातीखाली असला तर त्यात गॅस साठतो. ओहोटीला दाब कमी झाला की काही सुटतो. बोडी उतरली की बुडबुडे वाढतात, ते याच कारणानं. पुढच्या मे महिन्यात पाळीवर खुणेची काठी रोवा आणि पाणी बोटभर उतरलं की बुडबुडे मोजा.