प्रबंधाचं पुस्तक करताय? मग या चुका टाळा

पीएचडी हातात पडली की फाइलचं नाव बदलून प्रकाशकाकडे धाडणारे अजूनही कमी नाहीत. प्रबंध परीक्षकांसाठी असतो. आपला अभ्यास झालाय हे त्यांना पटवायचं असतं. पुस्तक घेणारा तेवढं गृहीतच धरतो. त्यामुळे ‘संशोधनाची गरज, उद्दिष्टे, व्याप्ती व मर्यादा’ हा सगळा पसारा आधी आवरा. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण मी तर सरळ उडवायला सांगतो. पुढे ज्याच्याशी खरोखर वाद घालायचाय, त्याचं नाव तिथल्या तिथे येऊ द्या. बाकीची नावं टिपांमध्ये. आणि ‘या प्रकरणात आपण पाहिले की...’ हा शेवटचा परिच्छेदही काढा. त्यावर लोकांचा एवढा जीव का असतो, देव जाणे.

दुसरं दुखणं परवानग्यांचं. मी संपादन करत असलेल्या एका पुस्तकाची मुद्रितं (छपाईआधीची प्रुफं) तपासून झाली, मुखपृष्ठ ठरलं, आणि तेव्हा कळलं की मुख्य नकाशा दुसऱ्या पुस्तकातून स्कॅन केलेला. “खाली संदर्भ दिलाय की!” लेखक म्हणाले. संदर्भ दिल्याने वाङ्मयचौर्याचा ठपका टळतो, स्वामित्वहक्काचं काय? मूळ प्रकाशकाचं उत्तर येईना, शेवटी नकाशा गाळला. पण मजकुरात जागोजागी ‘नकाशात दाखवल्याप्रमाणे’! ती वाक्यं बदलली, पानं सरकली, पुस्तकाच्या शेवटच्या विषय-नाम सूचीतले पानांचे आकडे पुन्हा लावावे लागले. चित्र फाइलमध्ये टाकाल त्याच दिवशी तक्त्यात नोंद करा: कुठून घेतलं, हक्क कुणाकडे, पत्र कधी पाठवलं, परवानगी छापील आवृत्तीपुरतीच की ई-बुकलाही. शेवटचा रकाना हमखास रिकामा असतो.

सूचीत पानांचे आकडे अंतिम मांडणी झाल्यावरच घाला. मुद्रितं चुका दुरुस्त करायला येतात, नवे विचार सुचायला नव्हे. आणि एकच हस्तलिखित गुपचूप दोन प्रकाशकांकडे परीक्षणाला देऊ नका.

राहिले घाईवाले. ‘पंधरा दिवसांत पुस्तक, आयएसबीएनसह’ असा मेल आला की यांना हुरूप येतो. आयएसबीएन हा निव्वळ ओळखक्रमांक आहे, २००७पासून १३ अंकी. विनोदांच्या पुस्तकालाही तो मिळतो. दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही. अशा मेलला मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: हस्तलिखिताचं परीक्षण कोण करतं? उत्तरादाखल दरपत्रक आलं, तर पुढचा पत्रव्यवहार नको.